पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा बाईक: सवयी मोडा, मग गाडी निवडा

तोल सांभाळायला शरीर विसरत नाही. पंचाईत अशी की जुन्या गाडीच्या सवयीही ते विसरत नाही.

जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांना गियर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात असायचा. आता नेमकं उलटं आहे. रिकाम्या रस्त्यावर हे लवकर जमतं, पण कुणी अचानक आडवं आलं की पाय जुन्या जागी जातो आणि ब्रेकऐवजी गियर दाबला जातो. तीच गत हाताची. ड्रम ब्रेक मुठीने आवळावा लागे, डिस्कला दोन बोटं पुरतात. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीवर जुन्या जोमाने आवळलात तर पुढचं चाक जाम होऊन गाडी आडवी. टू-स्ट्रोकवर वाढलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: फोर-स्ट्रोक इंजिन खालच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर सोडताच गाडी चांगलीच ओढून धरतं.

म्हणून गाडी विकत घेण्याआधी ओळखीच्या कुणाची हलकी गाडी घेऊन मोकळ्या मैदानावर जा. अर्ध्या तासाहून जास्त नको, दमल्यावर चुकाच पक्क्या होतात. आधी हाफ क्लचवर चालण्याच्या वेगाने सरळ जा, मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवा, त्याने गाडी डगमगत नाही. मग इंग्रजी आठचा आकडा काढा. नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचं तिथे हवी. शेवटी ब्रेक: ताशी ३० किमीपासून सुरुवात करून ५० पर्यंत जा. पुढचा ब्रेक झटक्याने नव्हे, दाब वाढवत नेत लावा. एबीएस सुरू झाला की लिव्हर थरथरतो. घाबरून सोडू नका. ताशी ६० ला ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर ४० च्या सव्वादोन पट असतं, हेही लक्षात असू द्या.

आता निवड. सीसीचा विचार शेवटी करा. परतणारे बरेच जण थांबलेली गाडी सावरतानाच पडतात, वेगात नव्हे. १५० ते १८० किलोची गाडी बहुतेकांना झेपते. सीटची उंची कागदावर पाहून भुलू नका, कारण रुंद सीट मांड्या फाकवते आणि ७८० मिमीसुद्धा उंच वाटते. रोजचे बूट घालून बसा, दोन्ही चवडे नीट टेकायला हवेत. साइड स्टँडवरून गाडी सरळ करा, हँडल पूर्ण वळवून धरा, किंचित चढावर उलटी ढकलून पाहा. इथे दम लागला तर ती गाडी तुमची नाही, कितीही आवडली तरी.

मग दहा-पंधरा मिनिटं नुसते बसा. फूटरेस्ट फार मागे असतील तर गुडघे बोलतील, हँडल खाली असेल तर मनगटं. क्रूझर आरामशीर दिसते खरी, पण पाय पुढे असल्याने खड्ड्यात फूटरेस्टवर उभं राहता येत नाही आणि सगळा दणका कण्याला बसतो. कंबर दुखरी असेल तर सरळ बसवणारी, रुंद हँडलची गाडी बरी. क्लच जड वाटला तर स्लिप-असिस्ट, म्हणजे हाताला हलका लागणाऱ्या क्लचची गाडी शोधा.

चाळिशी लागली असेल तर दोन भिंगांचा (बायफोकल) चष्मा घालून मीटर वाचून पाहा. खालच्या भिंगातून पायाजवळची जमीन धूसर दिसते आणि थांबताना अंदाज चुकतो.

जुनी गाडी घेताय? टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी वर्षांनुवर्षं पडून कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर घसरतं. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर खटकलं तर हँडलचे बेअरिंग गेले. शॉकअपच्या नळीवर तेल दिसलं तर सील गेलं. ब्रेक ऑइल काळपट दिसो वा न दिसो, ते बदलूनच गाडी चालवा. आणि माळ्यावरचं जुनं हेल्मेट तिथेच राहू द्या, नवं घ्या.