‘विंटर गेम्स’: बायथलॉनपासून सुरुवात कशी करावी

एपिक्स या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी काढलेल्या ‘विंटर गेम्स’ या संगणकीय खेळात हॉट डॉग एरियल्स, बायथलॉन (स्कीवरची शर्यत आणि नेमबाजी), स्पीड स्केटिंग, फिगर स्केटिंग, फ्री स्केटिंग, स्की जंप आणि बॉबस्लेड असे सात क्रीडाप्रकार आहेत. नवख्याने बायथलॉनपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. उत्साहाच्या भरात जॉयस्टिक हवी तशी हलवण्याची सवय हा प्रकार लवकर मोडतो.

मूळ संगणक हाताशी नसेल तर ‘व्हाइस’ हा मोफत एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, आपल्या संगणकावर बसवावा. खेळ डिस्कवर विश्वविक्रम नोंदवून ठेवतो. त्यामुळे आपल्याकडील अधिकृत डिस्क इमेजची (डिस्कची फाइलरूपी नक्कल) आधी एक प्रत काढावी आणि तीच एम्युलेटरमध्ये लावावी. डिस्क ड्राइव्हची हुबेहूब नक्कल करणारा पर्याय चालू ठेवावा, कारण तो बंद असल्यास त्या काळातील जलद लोडर (डिस्कवरून खेळ वेगाने वाचून घेणारी युक्ती) वापरणारे खेळ मध्येच अडकू शकतात. जॉयस्टिक नसेल तर तिच्या दिशा व फायर बटण यांसाठी कीबोर्डवरील कळा ठरवून द्याव्यात. सगळे नीट जोडूनही खेळाडू जागचा हलत नसेल, तर बहुतेक वेळा जॉयस्टिक ज्याला जोडतात तो पोर्ट चुकलेला असतो. तो बदलून पाहावा.

उद्घाटन सोहळा एकदा अवश्य पाहावा, कारण केवळ ६४ केबी स्मृतीच्या यंत्रावर तो साकारला आहे. त्यानंतर मुख्य यादीतून एकाच प्रकाराचा सराव निवडावा.

बायथलॉनमध्ये स्कीवर पुढे जाण्यासाठी जॉयस्टिक आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे हलवावी लागते, पण त्या हालचालीची लय पडद्यावरील पायांशी जुळलेली असावी. खेळाडूचा एक पाय पूर्ण पुढे गेला की मगच दिशा बदलावी. चढावर हात अधिक वेगाने चालवावा लागतो, आणि तेथेच नाडीचे ठोके वाढतात. पडद्यावर दिसणारा नाडीचा आकडा शोभेचा नाही: गोळीबाराच्या जागी पोहोचल्यावर बंदुकीचा नेम वर-खाली होत राहतो, आणि नाडी जितकी जलद तितकी त्याची ही हालचालही जलद होते. म्हणून थांब्याजवळ येताना वेग थोडा आवरावा. नेम लक्ष्यावर आल्यानंतर बटण दाबले तर उशीर होतो. तो लक्ष्याकडे येत असतानाच दाबावे. प्रत्येक गोळीनंतर जॉयस्टिकने बंदुकीचा बोल्ट (गोळी भरण्याचा खटका) मागेपुढे करून नवी गोळी भरावी लागते. घाईत हेच राहून जाते आणि बटण दाबूनही काहीच घडत नाही. प्रत्येक थांब्यावर पाच गोळ्या मिळतात, आणि हुकलेल्या नेमाचा दंड एकूण वेळेत मिळवला जातो. मागे काही सेकंद वाचवण्यासाठी केलेली धावपळ अशी येथे अंगाशी येते.

ही लय हाताला बसली की स्पीड स्केटिंग फारसे जड जात नाही, कारण तेथेही डावे-उजवे पाऊल वेळेवर टाकणेच महत्त्वाचे आहे. स्की जंपची गोष्ट वेगळी आहे. उतारावर निघण्यासाठी एकदा आणि उताराच्या अगदी टोकाशी झेप घेण्यासाठी दुसऱ्यांदा बटण दाबावे. हवेत असताना मुख्य चित्राकडे पाहत बसू नये. लहान चौकटीत खेळाडू जवळून दिसतो, त्याचे शरीर ज्या बाजूने बिघडेल ते पाहून जॉयस्टिकने लगेच सावरावे, कारण गुण अंतराइतकेच ढबीवरही अवलंबून असतात.