घरच्या बटाट्याचं बेणं जूनपर्यंत कसं टिकवावं

आमच्या पुणे जिल्ह्यातल्या खेड-आंबेगाव पट्ट्यात रब्बीचा बटाटा फेब्रुवारीत निघतो आणि खरिपाची लागण जूनच्या पावसावर होते. मधले चार महिने भर उन्हाळ्याचे. घरचं बेणं, म्हणजे लागणीसाठी राखलेला बटाटा, वाया जातं ते याच चार महिन्यांत.

बेण्याची झाडं पीक हिरवं असतानाच ठरवा. पानं वर गुंडाळलेली, पिवळट ठिपक्यांची किंवा खुरटलेली झाडं सोडा आणि टवटवीत झाडांशेजारी काठ्या रोवा. मावा ही रस शोषणारी बारीक कीड जे विषाणू पसरवते, ते बटाट्यातून पुढच्या पिकात उतरतात आणि नुसता बटाटा पाहून ते ओळखू येत नाहीत. ‘मोठे खा, बारीक बेण्याला ठेवा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ढिगातले बारीक बटाटे बरेचदा रोगट झाडांचेच असतात. काठीच्या झाडाखालचे अंड्याएवढे, ४०-५० ग्रॅमचे घ्या.

काढणीआधी दहा-बारा दिवस पाला जमिनीलगत कापा, म्हणजे साल पक्की होते. काढलेला माल धुऊ नका. दोन आठवडे सावलीत पातळ पसरा आणि कुदळ लागलेले स्वयंपाकघरात द्या.

आता साठवण. ‘बटाटा अंधारात ठेवावा’ हा सल्ला खायच्या बटाट्याचा आहे. पहिल्या वर्षी मी तो बेण्याला लावला आणि गोणी मागच्या खोलीत ठेवली. मेअखेर तोंड सोडलं तेव्हा आत वीतभर लांब, पांढरे कोंब एकमेकांत गुंतलेले होते. सोडवतानाच निम्मे तुटले. उरलेले सरीत टाकले, पण बटाटे सुकून मऊ पडले होते आणि उगवण विरळ झाली.

बेण्याला उजेड लागतो. ऊन नव्हे, उजेड. उत्तरेकडची ओसरी किंवा पडवी, जिथे दिवसभर वाचण्याइतका उजेड असतो पण उन्हाची तिरीप येत नाही, ती जागा निवडा. फळीवर, दोरीने विणलेल्या खाटेवर किंवा जाळीच्या क्रेटमध्ये एक थर, फार तर दोन थर ठेवा. खालून वारा खेळला पाहिजे. पत्र्याखाली अजिबात नको, तिथल्या उष्णतेने बटाटा आतून काळा पडतो. उजेडात बटाटा हिरवा होतो आणि कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळे राहतात. ते सहज तुटत नाहीत. हिरवा बटाटा खायला मात्र घेऊ नका, त्यात विषारी सोलानिन वाढतं. बेण्याला त्याने काही होत नाही.

उजेडाची जागा सापडली आणि दुसऱ्या वर्षी पाकोळीने मला गाठलं. ही करड्या रंगाची छोटी पाकोळी डोळ्यांजवळ अंडी घालते आणि अळी आत बोगदे करते. डोळ्याशी काळी विष्ठा दिसली की तो बटाटा गेला. माझी निम्मी फळी अशी गेली. चूक शेतातच झाली होती. काढलेला बटाटा मी रात्रभर उघडा ठेवला आणि वर त्याचाच पाला टाकला. पाकोळी संध्याकाळनंतर फिरते आणि त्या पाल्यातल्या अळ्या थेट बटाट्यात उतरतात. तेव्हापासून मी पीक उभं असताना वरंब्याला मातीची भर नीट लावतो, म्हणजे बटाटा उघडा पडत नाही आणि भेगांतून पाकोळीला वाट मिळत नाही. काढलेला माल अंधार पडायच्या आत घरात आणतो. फळीवर मच्छरदाणीचं कापड चारी बाजूंनी खोचतो. खाली-वर कडुलिंबाचा वाळलेला पालाही घालतो, पण नुसत्या पाल्यावर विसंबू नका. दर आठवड्याला एकेक बटाटा हातात घेऊन पाहा. मऊ, ओला किंवा काळा डोळा असलेला लगेच काढा आणि जाळा, उकिरड्यावर फेकू नका.

लागण जूनऐवजी नोव्हेंबरात करायची असेल तर घरी ठेवण्याचा हट्ट सोडा. २ ते ४ अंशांच्या शीतगृहात गोणी टाका आणि लागणीआधी आठ-दहा दिवस बाहेर काढून सावलीत पसरा.

जूनमध्ये बेणं कापू नका, ओल्या जमिनीत फोडी कुजतात. सबंध लावा, कोंब वर करून.

इतकं करूनही दर तीन वर्षांनी मी जालंधरकडचं नवं बेणं आणतो. तिकडे थंडीत मावा कमी असतो आणि तो वाढायच्या आत बेण्याच्या पिकाचा पाला कापतात. विषाणू साठवणीने जात नाहीत. निवडीने फक्त त्यांचा वेग मंदावतो.