इंडियमची तार दाबून दोन काचा कशा जोडाव्यात

दोन काचांच्या मध्ये पोकळी ठेवायची, ती निर्वात करायची आणि वर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची, असं काम असेल तर इपॉक्सी गोंदाचा नाद सोडा. थंडीत इपॉक्सी आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि जोड उकलतो. इंडियम इतक्या थंडीतही मऊ राहतं. 1863 साली जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये सापडलेला हा धातू नखाने ओरखडतो, वाकवला की कुरकुरतो आणि शुद्ध असला की काचेला थेट चिकटतो.

खालची मापं 50 मिमी व्यासाच्या, जाड आणि सपाट काचांसाठी आहेत. काचा साबण, डिस्टिल्ड वॉटर, अॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमाने धुवा. त्यानंतर हात लावायचा नाही.

99.99 टक्के शुद्धतेची, 1 मिमी जाडीची तार घ्या. 40 मिमी व्यासाच्या कड्याला साधारण 13 सेंमी लागते. एखाद्या गोल नळीभोवती गुंडाळून कडं करा.

आता टोकं. टोकं नुसती एकमेकांवर टाका, दाबात आपोआप सपाट होतील, असं सर्रास सांगतात. माझी पहिली काच याच सल्ल्याने गेली. तिथे तारेची उंची दुप्पट होते, वरची काच त्या उंचवट्यावर टेकते आणि समोरचा बोल्ट आवळला की ती टेकूवरच्या फळीसारखी वाकते. काचेला वाकणं जमत नाही. टोकं नव्या ब्लेडने तिरपी कापा आणि एका तिरप्या कापावर दुसरा बसवा. उंची जवळपास सारखी राहते आणि दाबाखाली इंडियम इंडियमला मिळून जातं.

मात्र वरचा ऑक्साइडचा थर काढला नसेल तर मिळत नाही. एक भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग पाण्यात घाला (आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नव्हे, चष्मा, हातमोजे, हवेशीर जागा). कडं त्यात मिनिटभर बुडवा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, आणि कोरड्या नायट्रोजनने वाळवा. पुढच्या काही मिनिटांत ते काचांमध्ये गेलं पाहिजे. मध्ये चहाला गेलात तर पुन्हा आम्लापासून सुरुवात. पॉलिश पेपरने घासायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका: इंडियम इतकं मऊ की कागदाचे कण त्यातच रुततात.

आता दाब, आणि इथेच सगळं बिघडतं. काचांच्या वर-खाली अॅल्युमिनियमची कडी, प्रत्येक कडं आणि काच यांच्या मध्ये टेफ्लॉनची पातळ चकती, आणि सहा M4 (4 मिमी जाडीचे) बोल्ट. अॅल्युमिनियमचं कडं बरोबर तारेच्या वरच टेकलं पाहिजे. ते बाहेरच्या बाजूला टेकलं तर काच पुन्हा वाकणार.

जोर लावून हे काम होत नाही. इंडियम 156.6 अंशांनाच वितळतं, म्हणजे आपली खोली त्याच्या दृष्टीने चांगलीच गरम. सतत हलका दाब दिला की ते हळूहळू पसरत राहतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. कणीक मुरू देतो, तसंच. समोरासमोरचे बोल्ट धरून प्रत्येकाला फक्त एक अष्टमांश फेरा द्या, सहाही झाले की थांबा. पहिल्या तीन आवर्तनांत पाच-पाच मिनिटं, पुढे अर्धा-अर्धा तास. एका संध्याकाळी घाईत मी एकाच बोल्टला अर्धा फेरा दिला. बारीक ‘टिक’ ऐकू आलं, आणि मागे उरले ते इंडियमने छान जोडलेले दोन तुकडे.

साधारण सात आवर्तनांनंतर तार 0.4 मिमी जाड आणि 2 मिमी रुंद होते. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी बोल्ट सैल झालेले असतील, कारण इंडियम रात्रीही सरकत होतं. पुन्हा एक हलकं आवर्तन द्या.

तपासणी डोळ्यांनीच करा. काचेतून पाहिल्यावर पट्टा आरशासारखा चमकला पाहिजे. जिथे करडा, मळकट दिसेल तिथे धातू काचेला लागलेला नाही, बहुधा बोटाचा ठसा. असा डाग पट्ट्याच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत गेला असेल तर आणखी आवळू नका, उघडून नव्याने करा. चमक सलग असेल तर हेलियम लीक डिटेक्टरला (हेलियम वायू वापरून बारीक गळती शोधणाऱ्या यंत्राला) जोडा. बोल्ट कायमचे राहू द्या आणि जोड 100 अंशांच्या बराच खाली वापरा.

खराब झालेली तार फेकू नका, डबीत साठवा. इंडियम स्वस्त नाही.