फाईट बीट मिळालीय? आधी बघा बातमी कुणाच्या घरातून येते

गोव्यात स्पोर्ट्स डेस्कवर नवीन माणसाला फुटबॉल मिळत नाही, ते सीनियर लोकांनी कधीच वाटून घेतलेलं असतं. मग उरलंसुरलं गळ्यात पडतं आणि त्यात बॉक्सिंग आणि एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ज्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं) जोडीनेच येतात, कारण ऑफिसच्या लेखी दोन्ही म्हणजे मारामारी. वाईट वाटून घेऊ नका, मला पण असंच मिळालेलं आणि सुरुवातीला घरी सांगायला पण नको वाटायचं. राउंड, नॉकआऊट, सबमिशन हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

डेस्कवर दोन टोळ्या भेटतील. जुन्यांना बॉक्सिंग म्हणजे विजेंदर, मेरी कोम, लवलीना, ऑलिंपिकची पदकं, आणि एमएमए म्हणजे पिंजऱ्यातली धिरयो, म्हणजे आपली बैलांची झुंज. (अमेरिकेत जॉन मॅककेन या सिनेटरने नव्वदच्या दशकात त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं होतं, नंतर नीट नियम आले तरी तो शिक्का पुसला गेला नाही.) पोरांचं बरोब्बर उलटं, त्यांना बॉक्सिंग म्हणजे म्हाताऱ्यांचा सेटिंगवाला धंदा आणि यूएफसी, म्हणजे एमएमएच्या फाईट भरवणारी मोठी अमेरिकन कंपनी, एकदम क्लीन. हे दोन्ही बायस उघड आहेत, हेडिंगमधलं 'रक्तरंजित' उडवलं, 'सेटिंग'ला पुरावा मागितला की बरंचसं निस्तरतं.

खरा खड्डा पुढे आहे आणि तो मी जरा पाल्हाळ लावूनच सांगणार, कारण मला तो दिसायलाच फार उशीर झाला. बॉक्सिंगमध्ये फाईट भरवणारा प्रमोटर वेगळा, बेल्ट देणाऱ्या डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संस्था वेगळ्या, टीव्हीवाले वेगळे आणि अमॅच्युअरमध्ये वर ऑलिंपिक समिती. यांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याची घाण पत्रकाराच्या टेबलावर आणून टाकतो. १९८८ ला सोलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला पंचांनी फायनल हरवलं तो वादग्रस्त निकाल आजही निघतो, २०१९ ला ऑलिंपिक समितीने आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेला निलंबित केलं, २०२३ ला मान्यताच काढून घेतली, सगळं जगाने वाचलं.

यूएफसीत फाईट ठरवणार कंपनी, बेल्ट देणार कंपनी, फायटरचं कॉन्ट्रॅक्ट कंपनीकडे, तुमचा प्रेस पास पण कंपनीकडेच. रँकिंगला पत्रकार मत देतात खरे, पण पॅनेल कुणाचं? कंपनीचंच. २०१६ च्या जूनमध्ये एरियल हेलवानी या एमएमए पत्रकाराने फायटर ब्रॉक लेस्नर परत येतोय ही बातमी कंपनीच्या आधी दिली, तर यूएफसी १९९ चालू असताना त्याला बाहेर काढलं. बातमी खरी होती! बोंबाबोंब झाल्यावर दोनेक दिवसांत बंदी उठवली ते सोडा, बाकीच्यांनी काय धडा घेतला असेल ते तुम्हीच समजा. फायटरच्या पैशांचे आकडे सुद्धा बरेचसे बाहेर आले ते कोर्टामुळे, फायटर्सनी कंपनीवर टाकलेल्या, २०१४ पासून चाललेल्या केसमध्ये शेवटी २०२४ ला ३७.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बॉक्सरसाठी अमेरिकेत २००० सालचा अली कायदा आहे, प्रमोटरला कमाई दाखवावी लागते. एमएमएला तो लागू नाही.

म्हणजे एकाची घाण दिसते म्हणून तो घाणेरडा आणि दुसऱ्याची दिसत नाही म्हणून तो साफ, असं आपण नकळत लिहून जातो, आणि कुणी पैसे पण दिलेले नसतात. कॉपीतल्या प्रत्येक वाक्याखाली विचारा, हे मला कुणी सांगितलं? पाचही वाक्यं एकाच घरातून आली असतील तर तसं सरळ लिहा. 'वर्ल्ड चॅम्पियन' नको, 'यूएफसी चॅम्पियन' लिहा, जसं 'डब्ल्यूबीसी चॅम्पियन' लिहिता.

कोण भारी ह्या वादात तर पडूच नका. २०२३ ला यूएफसीचा माजी चॅम्पियन एन्गानूने बॉक्सर टायसन फ्युरीला खाली पाडलं तेव्हा एमएमएवाले नाचले, पुढच्या मार्चमध्ये बॉक्सर जोशुआने त्यालाच दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं तेव्हा बॉक्सिंगवाले. दोन्ही फाईट बॉक्सिंगच्या नियमांनी.

आपल्याकडे बायस स्पर्धेतल्या खेळांच्या यादीतून येतो. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यात बॉक्सिंग होतं, गटका, स्क्वे मार्शल आर्ट्स पण होतं, एमएमए नव्हतं. पदकतक्ता नाही म्हणजे न्यूज एजन्सीची कॉपी नाही, म्हणजे कॉलम नाही. कुणी ठरवून केलेलं नसतं.

यूट्यूबवरचे गुरू सोडा, एजन्सी कॉपी एआयमध्ये टाकून मराठी करायचा शॉर्टकट तर अजिबात नको, त्यात दुसऱ्याचा बायस जसाच्या तसा उतरतो. लोकल आयोजक पास देईल तो घ्या, हॉटेलची रूम देईल ती घेऊ नका, जेवणाचं तुम्ही बघा, स्ट्रिंगरच्या, म्हणजे बातमीमागे मिळणाऱ्या पैशात पोट भरत नाही हे मला माहीत आहे. जमेल हो, दोन-तीन फाईट कव्हर केल्या की नजर बसते. तोवर एक काम करा, ऑफिसच्या जुन्या फाईल काढा. भरत कंदारे २०१७ ला यूएफसीत उतरणारा पहिला भारतीय, पूजा तोमर २०२४ ला तिथे जिंकणारी पहिली भारतीय महिला. दोघांना किती ओळी दिल्या ते मोजा, आणि त्याच आठवड्यात बॉक्सिंगला किती दिल्या ते पण.