फ्रेंच शब्दांचं लिंग: ‘अँ’ की ‘युन’?

मराठीत द्राक्षही ‘ते’ आणि सफरचंदही ‘ते’. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंगच नाही. द्राक्ष (रेझँ) पुल्लिंगी, सफरचंद (पॉम) स्त्रीलिंगी. अर्थावरून अंदाज बांधणारा इथे हमखास फसतो. आपण नाशिककर ‘ती वाइन’ म्हणतो, पण फ्रेंच वाइन (व्हँ) पुल्लिंगी, आणि तिची वेल (व्हीन्य) मात्र स्त्रीलिंगी!

मी आता असं करते:

१. शब्द एकटा लिहायचा नाही. पुढे ‘अँ’ (पुल्लिंगी ‘एक’) किंवा ‘युन’ (स्त्रीलिंगी ‘एक’) हवंच. ‘ल’ (पुल्लिंगी) आणि ‘ला’ (स्त्रीलिंगी), म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’ची रूपं, टाळा, कारण स्वरापुढे दोन्हींचा नुसता ‘ल्’ उरतो. ‘लेकोल’ म्हणजे शाळा, पण लिंग कळलं का? ‘युन एकोल’ म्हटलं की कळतं.

२. मागे एक रंग जोडा: ‘अँ रेझँ व्हेर’, ‘युन पॉम व्हेर्त’. हिरवं द्राक्ष, हिरवं सफरचंद. स्त्रीलिंगात शेवटचा ‘त’ ऐकू येतो आणि कानात बसतो. सिटीलिंकच्या बसमध्ये पुटपुटायला हे पुरेसं आहे (शेजारचे बघतात, बघू देत).

३. शब्दाचा शेवट पाहा. ‘-सिओं’ असेल तर जवळजवळ नेहमी स्त्रीलिंगी, ‘-आज’ असेल तर बहुधा पुल्लिंगी: फ्रोमाज (चीज), व्वायाज (प्रवास).

पण प्लाज (समुद्रकिनारा), पाज (पुस्तकाचं पान), इमाज (चित्र) आणि काज (पिंजरा) असे काही ‘-आज’वाले स्त्रीलिंगी आहेत, ते वेगळ्या शाईने लिहून ठेवा. मी दोन चाचण्यांत त्यांच्यावरच गुण घालवले.