ऑफरोड ट्रेनिंगला जाताय? आधी पाय, मग बूट, मग बाईक

कोर्सचे पैसे भरले रे भरले की निम्मे लोक ॲक्सेसरीज बघत बसतात, फॉग लाइट घेऊ का, एक्झॉस्ट बदलू का, आणि यातलं एकही तिथल्या मातीत कामाला येत नाही. २०१५ ला डकार रॅली (कित्येक दिवस चालणारी ऑफरोड शर्यत) पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष याचं कोलारजवळचं बिगरॉक असो नाहीतर आपल्या लोणावळा-पुणे पट्ट्यातलं एखादं ट्रेनिंग, पहिल्या दिवशीचं साधारण सारखंच असतं. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून चालवणं, स्लो टर्न, मातीवर ब्रेक मारणं आणि पडलेली बाईक उचलणं. म्हणजे दिवसभर उठाबशाच समजा.

म्हणून दोन-तीन आठवडे आधीपासून पायांकडे बघा. जिम लागत नाही, स्क्वॉट्स, प्लँक आणि भिंतीला पाठ टेकून हवेत खुर्चीवर बसल्यासारखं बसणं, एवढं रोज केलं तरी पुष्कळ. हँडल आवळून धरायची सवय असेल तर तासाभरात मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड होतो, मग क्लचही दाबवत नाही. टाकी गुडघ्यांनी धरायची, हँडलवर हात सैल, क्लचवर फक्त एक-दोन बोटं. एखाद्या मोकळ्या मैदानात फर्स्ट गिअरला उभं राहून हे करून बघा, आजूबाजूचे हसतील, हसू देत.

बाईक उचलण्याचं मात्र घरूनच शिकून जा, कारण एक्सपल्स २०० साधारण १६० किलोची आणि हिमालयन ४५० भरते १९६ किलो, आणि ती दिवसातून किती वेळा आडवी होईल याचा काही नेम नाही. आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरच्या बटणाने इंजिन बंद. बाईक गिअरमध्ये टाका म्हणजे उचलताना घरंगळणार नाही, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. मग बाईककडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला, आणि पाठ सरळ ठेवून छोटी पावलं टाकत मागे मागे ढकलायची. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. उचलल्यावर स्टार्ट होत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच फ्युएल इंजेक्शनच्या बाईकमध्ये बाईक पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, चावी ऑफ-ऑन करा.

अंगावरच्या सेफ्टी गिअरमध्ये पैसे घालायचेच असतील तर बुटात घाला. आपली १६० किलोची बाईक घोट्यावर पडते तेव्हा ट्रेकिंग शूज काही वाचवत नाहीत. बऱ्याच ठिकाणी बूट आणि गार्ड भाड्याने मिळतात, फोन करून साइज विचारा. नवीन घेतले असतील तर आठवडाभर घरात घालून फिरा, मॅच बघताना घाला, घरचे काय म्हणायचं ते म्हणोत. मोटोक्रॉसच्या बुटात गिअरचा लिव्हर पायाला जाणवतच नाही, तो थोडा वर करून घ्यावा लागतो.

स्वतःची बाईक नेत असाल तर मिरर, टॉप बॉक्स, साडीगार्ड सगळं उतरवा. फूटपेगवरचे रबर काढा, चिखलात ते साबणासारखे होतात. क्लच-ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प अगदी आवळू नका, पडल्यावर लिव्हर फिरला तर वाचतो, घट्ट असला तर मोडतो, तरी एक स्पेअर क्लच लिव्हर बॅगेत असू द्या. लिव्हर थोडे खाली झुकवा, उभं राहून चालवताना मनगट सरळ राहतं. टायरमधली हवा तिथे पोचल्यावर कमी करा, वीस पीएसआयच्या आसपास, पण किती ते इन्स्ट्रक्टरलाच विचारा कारण ट्यूबचा टायर असला आणि हवा फारच काढली की दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर. चेन जरा सैल बरी, फार ताणलेली नको.

सकाळी पोहे खा, मिसळ नको (हे पुणेकर म्हणून लिहिताना जिवावर येतंय). पाणी तीन लिटर धरा, ओआरएस न्या. चाव्यांचा जुडगा किंवा मोबाइल पँटच्या खिशात ठेवून पडलात तर तेच मांडीत रुततं. मेडिक्लेममध्ये ॲडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेत का तेही एकदा वाचून घ्या.

आणि परतीचं आधी ठरवा. एक्सप्रेसवेवर बाईकला बंदी, आणि संध्याकाळी थरथरत्या हातांनी जुन्या हायवेचा घाट उतरायचा म्हणजे नको वाटतं, जमलं तर रात्री तिथेच राहा किंवा चार जण मिळून बाईक टेम्पोत टाका. चालवतच येणार असाल तर गेटबाहेर पडायच्या आत मिरर लावा आणि पहिल्या पंपावर हवा भरा.