सराफा की छप्पन? आधी पदार्थ ठरवा

पुण्या-मुंबईहून इंदुरात पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला: खायला सराफा चांगला की छप्पन दुकान? यातून फक्त वाद वाढतो, कारण दोन्हीकडे दुकानं भरपूर आणि प्रत्येकाचा एखाद-दुसराच पदार्थ खरा जमलेला. म्हणून एक पदार्थ धरा आणि तो करणारी तीनच दुकानं एका फेरीत घ्या. चौथ्या दुकानापर्यंत पोट भरलेलं असतं, जीभ तिखटाला सरावलेली असते, आणि शेवटच्यावर हमखास अन्याय होतो.

वेळेचं गणित आधी जमवा. न्यू पलासियातलं छप्पन सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतं. राजवाड्यामागचा सराफा दिवसा सोन्या-चांदीचा. सराफी पेढ्यांची शटरं खाली येऊन खाण्याचे गाडे लागायला रात्रीचे नऊ वाजतात आणि मग मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. तेव्हा पोह्यांचा मुकाबला सकाळी सात ते नऊच्या आतच लावा. दोन्ही बाजारांत मिळणारा पदार्थ, समजा गराडू (तळलेला कंद), असेल तर छप्पनला आठला आणि सराफ्यात साडेनऊला, एकाच संध्याकाळी खा. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांकीची, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीची, रात्र टाळा. त्या गर्दीत कोणतंच दुकान नेहमीसारखा माल देत नाही.

सोबत दोघं-तिघं असावेत, म्हणजे एका प्लेटमध्ये सगळ्यांचं भागतं. साधं पाणी आणि मूठभर कोरे मुरमुरे जवळ ठेवा. दोन दुकानांच्या मध्ये तोंड साफ करायला याहून चांगलं काही नाही. प्लेट मागताना “भैया, सेव-चटणी अलग देना” एवढं सांगायला विसरू नका. जिरावन मसाला, रतलामी सेव आणि लिंबू वरून पडलं की फसलेला पदार्थही खपून जातो. पहिले दोन घास कोरे खा, मग वरचा साज घालून दोन.

पोह्यांपासून सुरुवात करा, पण घरच्या कांदेपोह्यांची फूटपट्टी लावू नका. इथे कांदा कच्चा, वरून. पोहे हळद, बडीशेप आणि किंचित साखर घेऊन उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेत राहतात. चांगल्या पोह्याचा दाणा चिमटीत दाबला की सहज दबतो, पण बोटाला चिकटत नाही. बोटाला लगदा लागला तर पोहे जास्त भिजलेत किंवा तासन्‌तास वाफेवर पडून आहेत. दाणा कडक लागला तर खालचं पाणी आटलंय किंवा परात उघडी राहिलीय. वाढणारा पळी कुठून भरतो तेही बघा. कडेचे पोहे सुकलेले असतात, मधले मऊ. दोन दुकानांत फरक वाटला आणि एकाने कडेचे वाढले असतील, तर तो फरक धरू नका. सोबतच्या जलेबीची परीक्षा सोपी: तुकडा मोडला की कट्ट आवाज यावा आणि आतल्या पोकळीतून पाक दिसावा. आत भरीव आणि पिठूळ निघाली तर पीठ पुरतं आंबलं नाही. फार आंबट लागली तर गरजेपेक्षा जास्त आंबलं.

तळणीच्या पदार्थांत दुकानापेक्षा घाण्याचा हिशेब मोठा. कढईतून आत्ता निघालेली कचोरी आणि परातीत अर्धा तास बसलेली कचोरी यांची बरोबरी करणं म्हणजे दोघांपैकी एकावर उगाच ठपका. नवा घाणा निघेपर्यंत थांबा. मोडल्यावर कवच खुसखुशीत तुटावं आणि आतल्या बाजूला तेल साचलेलं नसावं. आच जास्त असेल तर वरून लवकर लाल होते, आतला थर कच्चा राहतो आणि दहा मिनिटांत कचोरी मऊ पडते. तेल दाट, काळपट, कडेने फेस धरणारं आणि नाकाला झोंबणारं असेल तर ते बऱ्याच वेळा तापलेलं आहे. तळणाच्या तेलातल्या टोटल पोलर कंपाउंड्सची (तेल पुन्हापुन्हा तापून तयार होणाऱ्या घटकांची) कायदेशीर मर्यादा 25 टक्के आहे. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतं.

गराडू हिवाळ्यातच खा. उन्हाळ्यात कोणी दिला तर तुलनेत धरू नका. हा कंद दोनदा तळतात: आधी मंद आचेवर शिजवून ठेवतात, मग मागणी आली की तेज आचेवर. पहिली तळणी घाईघाईत उरकलेली असेल तर फोड वरून खरपूस, मधोमध पिठूळ, आणि घशाला खाज. सगळ्यात मोठी फोड निवडून मोडून बघा, लहान फोडी खोटं बोलतात.

भुट्ट्याचा कीस पावसाळ्यात, देशी मक्याचा. स्वीटकॉर्नचा कीस गोडसर आणि पाणचट लागतो, वर तूप कितीही सोडा. दुधात नीट शिजलेला कीस चमच्यावरून सावकाश सरकतो. गोळा होऊन बसला तर तो कधीचाच तव्यावर आहे. साबुदाण्याच्या खिचडीचंही तसंच: इथली खिचडी वाफेवरची, मागणीनुसार कालवलेली. दाणा फोडून आत पांढरा ठिपका दिसला तर भिजवणी कमी.

आता गुण. वीस पुरेत: मूळ जिन्नस आणि शिजवण यांना बारा, मसाला-चटणीला पाच, भाव आणि खोळंबा मिळून तीन. भाव प्लेटवर मोजू नका, वजनावर मोजा. खिशात मावणारा छोटा डिजिटल काटा असेल तर 40 रुपयांची 160 ग्रॅमची प्लेट 100 ग्रॅमला 25 रुपये पडते, आणि 30 रुपयांची 100 ग्रॅमची त्यापेक्षा महाग, हे लगेच दिसतं. (सराफ्यात काटा काढलात तर कोणाला नवल वाटणार नाही.)

स्वच्छतेला गुण देऊ नका, पास-नापास ठेवा. इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येतंय, म्हणून गल्ल्यावरचं फडकं आपोआप स्वच्छ होत नाही. चार गोष्टी बघा: 14 आकडी एफएसएसएआय (अन्न-परवाना) क्रमांक लावलाय का, पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात वेगळा आहे का, चटणीचं भांडं झाकलेलं आहे का, दहीवड्याचं दही गार आहे का. एकही चुकलं तर चवीला वीसपैकी वीस मिळाले तरी नाव खोडा. शिकंजी मात्र शेवटी ठेवा. लिंबू-सरबत समजून मागवू नका. इंदुरी शिकंजी दुधा-दह्याची, सुक्यामेव्याची आणि दाट असते, ती प्यायल्यावर पुढचं काही चाखण्यात अर्थ नाही.

दोन दुकानं बरोबरीत आली तर छप्पनमधल्या दुकानात मधल्या वारी दुपारी तीनला पुन्हा जा. गर्दीच्या वेळी माल फिरत असतो, म्हणून ताजा राहतो. रिकाम्या वेळी कोण छोटा घाणा काढतं आणि कोण सकाळचाच गरम करून देतं, ते तेव्हाच कळतं.